घरात मकाव आहे: पाहुणे, संध्याकाळचं बाहेर जाणं आणि सहली कशा जमवायच्या?

निळाई

निळा-पिवळा मकाव (मोठ्या जातीचा पोपट), नर, वय ५ वर्षं, वजन १०२० ग्रॅमच्या आसपास. घरात आम्ही दोघंच. पिंजरा ४ फूट रुंद, ३ फूट खोल, ५ फूट उंच, दिवाणखान्यातच आहे. सकाळी तासभर आणि संध्याकाळी सहानंतर आम्ही झोपेपर्यंत, म्हणजे रात्री अकरापर्यंत, तो बाहेर असतो. खाणं वाटीत: पेलेट (पोपटांसाठी तयार मिळणारं कोरडं खाद्य), भाज्या, थोडी फळं आणि दिवसाला चार-पाच बदाम-अक्रोड. तपासणी आणि रक्ताचे अहवाल नुकतेच झाले, सगळं ठीक आहे. तेव्हा दुखण्यामुळे ओरडतोय असं नाही.

अडचणी तीन आहेत. पाहुणे आले की पहिली दहा मिनिटं गप्प असतो, मग सलग ओरडतो; बाहेर असला तर माझ्या खांद्यावर बसून जवळ येणाऱ्यावर चोच मारायला धावतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी बाहेर जायचं म्हटलं, तर बूट घालायला घेतल्यापासूनच किंचाळणं सुरू होतं आणि जिन्यापर्यंत ऐकू येतं. तिसरं म्हणजे दोन-अडीच महिन्यांनी ८-९ दिवस बाहेरगावी जायचं आहे आणि माझ्याशिवाय तो कुणाच्याच हातावर येत नाही.

पक्षी कुणाला देऊन टाकायचा प्रश्नच नाही. पण हा पुढची चाळीसेक वर्षं आमच्यासोबत असणार, तेवढी वर्षं माणसांपासून तुटून राहणंही जमणार नाही. नेमकी सुरुवात कुठून करावी?

---

सांजपाखरू

निळाई, सुरुवात झोपेपासून करा. रात्री अकरापर्यंत दिवाणखान्यात जागणाऱ्या मकावला बाकी काहीही शिकवणं फार कठीण जातं. मोठ्या पोपटांना १० ते १२ तास सलग अंधार आणि शांतता लागते. विषुववृत्ताजवळच्या जंगलात रात्रच बारा तासांची असते, त्यांचं शरीर त्याच हिशेबावर चालतं. झोप कमी पडली की चिडचिड वाढते, चावा लवकर येतो, ओरडण्याला निमित्त लागत नाही.

दिवाणखान्यातल्या पिंजऱ्यावर चादर टाकून हे साधत नाही. उजेड थांबतो, आवाज थांबत नाही. बाजूच्या एखाद्या शांत खोलीत झोपेसाठी वेगळा छोटा पिंजरा ठेवा. मकावला साधारण अडीच फूट लांब-रुंद आणि तीन फूट उंच पुरतो, मात्र शेपूट तारेला घासता कामा नये. आत एक जाड दांडी आणि पाण्याची वाटी, बस. खेळणी नकोत. अगदी मंद दिवा ठेवलात तर रात्री दचकून पंख आपटण्याचे प्रसंग कमी होतात. आजची झोपायची वेळ एकदम तीन तास अलीकडे आणू नका. दर दोन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे घ्या, साडेतीन आठवड्यांत अकराचे आठ होतील.

याचा तुम्हाला थेट फायदा आहे. पोपट आठला झोपला की त्यानंतरची संध्याकाळ तुमची. बाहेर जेवायला जाणं, मित्रमंडळींना बोलावणं हे शक्य तितकं त्याच्या झोपेनंतर ठेवा. दुपारचे दोन-तीन तासही मोकळे असतात, कारण त्या वेळी पोपट एरवीही सुस्तावून डुलक्या घेतात. त्याला कळपाची खरी गरज असते ती उजाडल्यावर आणि मावळतीच्या आधी. हे दोन वेळ शक्यतो मोडू नका. बाकी वेळेत तुमच्या गैरहजेरीचं त्याला फारसं ओझं होत नाही.

आता बुटांचं. तुम्ही निघताय हे त्याला बूट, किल्ल्या, पिशवी यांवरून कळतं. या खुणांचा अर्थ पुसून टाकायचा. दिवसातून पाच-सहा वेळा बूट घाला आणि सोफ्यावर बसून वाचत राहा. किल्ल्या उचला, खिशात टाका, भांडी घासा. हे पाहून तो ढिम्म राहू लागला की पुढची पायरी: दारापर्यंत जाऊन परत, मग दाराबाहेर ३ सेकंद, १० सेकंद, ३० सेकंद, २ मिनिटं. नियम एकच, तो ओरडायच्या आधी परत यायचं. ओरडला तर ती पायरी त्याच्यासाठी मोठी होती, पुढच्या वेळी निम्मा वेळ. पाच-सात मिनिटांच्या पुढे गेल्यावर प्रगती वेगाने होते, सुरुवातीचा एक मिनिट मात्र जीव खातो.

याच्या जोडीला हाकेचा एक आवाज ठरवा. कळपातला पोपट नजरेआड झाला की दुसरा हाक मारतो आणि उत्तराची वाट पाहतो. उत्तर नाही आलं तर आवाज चढतो. त्यामुळे दुसऱ्या खोलीतून उत्तर देणं म्हणजे लाड नव्हे. फक्त कोणत्या आवाजाला उत्तर मिळतं ते तुम्ही ठरवायचं. दोन सुरांची शिट्टी घ्या, तो समोर असताना वाजवा, त्याने नक्कल करायचा प्रयत्न केला की लगेच खाऊ. मग स्वयंपाकघरातून तीच शिट्टी. त्याने ती वाजवली की हातातलं काम टाकून दर वेळी उत्तर द्या. किंचाळण्याला मात्र कुठलंच उत्तर नाही: धावत जाणं नाही, 'गप्प बस' नाही, पिंजऱ्यावर कापड टाकणंही नाही. तीन सेकंद शांत राहिला की जा.

आणि वेळापत्रक घड्याळाला बांधू नका. रोज बरोब्बर सहाला दार उघडलं, तर एखाद्या दिवशी उशीर झाला की सव्वासहाला तो बेचैन होतो. क्रम पक्का ठेवा, वेळ अर्ध्या-पाऊण तासाने पुढेमागे होऊ द्या.

---

लांबशेपूट

पाहुण्यांबद्दल लिहिते, कारण बहुतेक घरांत इथेच गाडी अडते.

पहिली गोष्ट, पाहुणे असताना खांदा बंद. खांद्यावर बसलेल्या पक्ष्याचे डोळे आणि मान तुम्हाला दिसत नाहीत, म्हणजे इशारा मिळत नाही. आणि चोच तुमच्या डोळ्याच्या व कानाच्या अगदी जवळ असते. शिवाय खांदा ही त्याच्या लेखी राखायची जागा होते. समोरचा माणूस दचकून मागे सरतो आणि 'धावून गेलं की माणसं लांब जातात' हे तो दोनदा-तीनदातच शिकतो.

त्याऐवजी त्याला स्वतःची एक जागा द्या. टी आकाराचा स्टँड, दांडी तुमच्या छातीच्या उंचीला, जाडी साधारण २ इंच, तळ इतका जड की मकावने उडी मारली तरी हलू नये. मागे भिंत हवी, बसायच्या जागेपासून किमान ६-७ फूट लांब, आणि पाहुण्याला आत येण्यासाठी त्याच्या जवळून जावं लागू नये. चारी बाजूंनी माणसं वावरणाऱ्या जागी ठेवलेला पक्षी कधीच निवांत होत नाही.

या जागेवर थांबायला शिकवायचं ते पाहुण्यांशिवाय. दोन्ही पाय दांडीवर टेकले की खाऊ. मग ५ सेकंद थांबल्यावर, १०, २०. मग तुम्ही एक पाऊल मागे, दोन पावलं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. वेळ आणि अंतर एकाच दिवशी वाढवू नका. एक वाढवताना दुसरं कमी करा. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. तो उतरला तर रागावायचं नाही, पुन्हा जागेवर बोलवायचं आणि मागच्या सोप्या पायरीवर जायचं.

वाटीतले बदाम-अक्रोड आजपासून बंद. आहारातून नव्हे, फक्त वाटीतून. दिवसाचा तेवढाच हिस्सा बाजूला काढा आणि एका बदामाचे आठ तुकडे करा. फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी कुणी मेहनत करत नाही, आणि मोठा तुकडा दिला की चघळण्यातच शिकवणीचा वेळ जातो.

पक्कं बसलं की दाराची घंटा फोनवर रेकॉर्ड करून हळू आवाजात वाजवा, लगेच खाऊ. आवाज वाढवत न्या. मग एकच माणूस बोलवा, शांत स्वभावाचा आणि सूचना ऐकणारा. त्याने आत यायचं, पोपटाकडे थेट न पाहता तिरकं बसायचं, तुमच्याशी बोलायचं. पाच-सात मिनिटांनी तुम्ही पोपटाला खाऊ द्यायचा. पुढच्या भेटीत पाहुण्याने जाता जाता स्टँडच्या वाटीत तुकडा टाकायचा आणि न थांबता पुढे जायचं. हाताने भरवणं खूप नंतर, तेही लांब दांड्याच्या चमच्यातून. हातावर घेणं या यादीत नाहीच. पाहुण्याच्या हातावर बसणारा मकाव हे ध्येय ठेवलंत तर सगळ्यांवरच ताण येतो. पाहुणे असताना आपल्या जागेवर काहीतरी कुरतडत बसणारा मकाव पुरेसा आहे.

कधी थांबायचं ते शरीरावरून कळतं. डोळ्यांच्या बाहुल्या झरझर लहान-मोठ्या होणं, मानेमागची पिसं उभी, खांद्याजवळ पंख थोडे उचललेले, गालाची उघडी कातडी लालसर, शेपूट पसरलेली: हा उत्तेजित आहे. खेळात असो की रागात, आत्ता हात जवळ नको. उलट पिसं अंगाला घट्ट चिकटलेली, मान ताठ, शरीर बारीक करून मागे झुकलेला असेल तर तो घाबरलाय, अंतर वाढवा. एक पाय पोटाशी, डोक्याची पिसं सैल, चोच घासल्याचा बारीक आवाज असेल तर सगळं छान चाललंय.

पहिल्या इशाऱ्यालाच आत न्या, आत काहीतरी शोधून खायला ठेवलेलं असू द्या. चावल्यावर आत नेलं तर पिंजरा म्हणजे शिक्षा, असा अर्थ होतो. एरवीही दिवसातून दोन-तीनदा विनाकारण आत न्या, खाऊ द्या आणि लगेच बाहेर काढा. म्हणजे आत जाणं हा मजेचा शेवट असं त्याला वाटणार नाही.

मोठी मंडळी जमणार असतील, लहान मुलं असतील, तर मात्र हे काही करू नका. त्या दिवशी तो सुरुवातीपासून झोपेच्या खोलीत, दार बंद.

---

पक्षीवैद्य

वरचे दोन्ही सल्ले योग्य आहेत. वैद्यकीय बाजूने थोडी भर घालतो.

पाच वर्षांचा नर मकाव म्हणजे वयात आलेला किंवा येत असलेला पक्षी. एका माणसाला चिकटून बाकीच्यांवर धावून जाणं हे बऱ्याचदा जोडीदार राखण्याचं वर्तन असतं, आणि त्याला आपणच खतपाणी घालतो. स्पर्श फक्त डोकं आणि मानेला. पाठ, पंखांखालचा भाग, शेपटीचं मूळ, पोट इथे हात फिरवणं पक्ष्याच्या शरीराला विणीचा संकेत देतं. खोकी, कपाटाखालची जागा, पांघरुणाखाली शिरणं बंद करा. त्याला ती घरट्याची जागा वाटते. मऊ कोमट अन्न भरवणं टाळा, कारण जोडीदार एकमेकांना असंच भरवतात. रात्री अकरापर्यंतचा उजेडही याच यादीत येतो. दिवस लांबला की विणीचा हंगाम आला, असं शरीर समजतं.

घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने आवडत्या गोष्टी हाती घ्याव्यात: सकाळचं पहिलं खाणं, अंघोळीचा फवारा, बदामाचे तुकडे. तुम्ही त्या वेळी खोलीत नसलेलं बरं. तुम्ही दिसलात की तो दुसऱ्याकडून घेणार नाही.

पाहुण्यांच्या दिवशीचे धोके वेगळे असतात आणि ते चाव्यापेक्षा गंभीर आहेत. जास्त माणसांसाठी घाईत स्वयंपाक होतो, नॉनस्टिक भांडं रिकामं तापत राहतं, आणि त्या लेपाचा धूर पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने सतत वाहते. प्राणवायू खेचण्याची त्यांची क्षमता आपल्यापेक्षा खूप जास्त आहे, विषही तितक्याच वेगाने आत जातं. एअर फ्रायर आणि ओव्हनच्या काही भागांवरही असा लेप असतो. 'दुसऱ्या खोलीत होता' हा बचाव पुरत नाही. पक्षी असलेल्या घरात स्टील, लोखंड किंवा बिनलेपाची भांडी वापरावीत. सुगंधी मेणबत्ती, रूम फ्रेशनर, स्प्रे आणि सिगारेट या गोष्टी पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

खाण्यात अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, मद्य, कांदा-लसूण आणि खारट पदार्थ पूर्ण वर्ज्य. पाहुणे प्रेमाने देतात, म्हणून ताटं स्टँडपासून लांब. कानातले, बटणं, घड्याळाचे पट्टे मकाव सहज तोडतो आणि त्यातल्या धातूत शिसं किंवा जस्त असेल तर विषबाधा होते. आणि दार: येणाजाणाऱ्यांच्या गर्दीत पक्षी निसटण्याची शक्यता सर्वाधिक असते. पंख कातरलेला मकावही वारा मिळाला तर दूर जातो. तो बाहेर असताना दार उघडणारा एकच माणूस असावा आणि छताचा पंखा बंद.

पाहुण्यांच्या घरी पक्षी असतील तर त्यांनी हात धुऊन, शक्य तर कपडे बदलून यावं. चोच-पिसांचा विषाणूजन्य आजार पिसांच्या धुळीतून कपड्यांवर येतो. सिटॅकोसिस हा जिवाणूंचा आजार पक्ष्यांकडून माणसांनाही होतो. ताप आणि कोरडा खोकला आला तर घरात पोपट आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.

---

निळाई

खूप नेमकं मिळालं, मनापासून आभार. झोपेच्या खोलीची सोय होईल. स्टँडचा तळ बदलावा लागेल.

दोन शंका. किंचाळताना उत्तर द्यायचं नाही हे पटतं, पण खाली आणि बाजूला शेजारी आहेत. सुरुवातीला ओरडणं वाढतं असं वाचलंय, तेव्हा काय करायचं? आणि पाहुणे असताना किंवा आम्ही बाहेर असताना आत 'शोधून खायला' म्हणजे नक्की काय ठेवायचं? लाकडी ठोकळे दिले होते, ढुंकूनही पाहिलं नाही.

एक बाजूचा प्रश्न: सोबतीला दुसरा पक्षी आणला तर हे सगळं सोपं होईल का?

---

दाणापाणी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. दोघांचं जमेलच याची खात्री नसते. जमलं नाही तर दोन पिंजरे, दोन वेळा बाहेर काढणं आणि मकावच्या चोचीने तुटलेली बोटं. जमलं तर दोघं मिळून ओरडतात. वर किमान ३० ते ४५ दिवसांचं विलगीकरण वेगळ्या खोलीत. दुसरा पक्षी आणायचा तर तो तुम्हाला हवा आहे म्हणून आणावा, पहिल्याची अडचण सोडवायला नव्हे.

ओरडणं. हो, आधी वाढतं. जे आजवर चाललं ते चालेनासं झालं की प्राणी तेच आणखी जोरात करून पाहतो. चाळिसाव्या मिनिटाला वैतागून तुम्ही गेलात, तर चाळीस मिनिटं ओरडावं लागतं हे त्याला कळलं. अधूनमधून फळ मिळणारी सवय सर्वात चिवट. म्हणून शेजारी असलेल्या घरात नुसत्या दुर्लक्षावर भिस्त ठेवू नये. सांजपाखरूंनी सांगितलेली पायरी-पायरीची पद्धत इथे जास्त उपयोगी, कारण तिच्यात त्याला ओरडायची वेळच येऊ द्यायची नसते. ती पूर्ण होईपर्यंत तो जागा असताना शक्यतो घरात कुणीतरी एक राहा. सराव चालू असताना मधेच दोन तास सोडून गेलात, तर आठवड्याची मेहनत पाण्यात.

पिंजरा सामायिक भिंतीला आणि खिडकीला लागून असेल तर हलवा. जाड पडदे आणि पुस्तकांची कपाटं आवाज थोडाफार शोषतात. फोमच्या लाद्या लावल्या तर चोचीच्या टप्प्याबाहेर, नाहीतर तो त्या खाईल. सकाळ-संध्याकाळचा दहा-पंधरा मिनिटांचा कलकलाट बंद करायचा प्रयत्न करू नका, तो त्याच्या जातीचा स्वभाव आहे. खिडक्या लावून त्या वेळी त्याच्यासोबत नाचा, पंख फडफडवू द्या. शेजाऱ्यांना ही वेळ सांगून ठेवलीत तर तक्रारी खूप कमी होतात. लोकांना आवाजापेक्षा तो कधी थांबणार हे माहीत नसण्याचा जास्त त्रास होतो.

आता खाणं. जंगलातला पोपट दिवसाचे कित्येक तास अन्न शोधण्यात आणि सोलण्यात घालवतो. वाटीतलं तेच अन्न तासाभराच्या आत संपतं. उरलेला वेळ ओरडण्यात किंवा स्वतःची पिसं उपटण्यात जातो. लाकडी ठोकळ्याकडे त्याने पाहिलं नाही कारण आत काही मिळतं हे त्याला माहीतच नाही. सुरुवात अगदी सोपी हवी:

वाटीवर साधा कोरा कागद, मधे भोक, बदाम दिसतोय. दोन दिवसांनी भोक नाही. मग त्याच्या देखत कागदात गुंडाळलेला अक्रोड, पुडीची टोकं पिळलेली. मग तीच पुडी कागदी कपात, कपाचं तोंड दुमडलेलं. मग असे पाच कप, त्यातल्या तिनांतच खाऊ. त्यानंतर ठोकळा: अर्धा इंच भोकं पाडलेलं मऊ, रसायन न लावलेलं पाइनचं लाकूड, भोकांत बदामाचे तुकडे ठोकून बसवलेले आणि पहिल्या खेपेला अर्धे बाहेर डोकावणारे. अखंड कवचाचा अक्रोड मकावला फोडता येतो, तोही उत्तम उद्योग. प्रत्येक पायरी त्याने सहज सोडवली की पुढची. अडकून चिडला तर मागे.

दिवसाच्या पेलेटपैकी निम्मे तरी असे द्या. पण ही मेजवानी फक्त बाहेर जाताना दिलीत तर तीच निघण्याची खूण होते, मग तिला तो शिवणार नाही. घरात असतानाही द्या, पाहुणे असताना द्या, कधी कधी काहीच न घडता द्या.

कागदाला चकचकीत शाई, चिकटपट्टी, स्टेपलच्या पिना नकोत. उसवलेला सुती दोर लगेच काढा, बोटाला फास बसतो आणि गिळलेले धागे अन्नाच्या पिशवीत अडकतात. खेळणी टांगायला स्टेनलेस स्टीलचे स्क्रूवाले दुवे वापरा, पान्याने घट्ट करा. हाताने आवळलेले मकाव उलगडतो. किल्ल्यांच्या रिंगसारख्या कड्यांत चोच अडकते, आणि जस्ताचा मुलामा असलेली साखळी तर नकोच.

---

सांजपाखरू

सहलीचं राहिलं. दोन-अडीच महिने हातात आहेत, ते पुरेसे आहेत, पण या आठवड्यापासून लागा.

माणसं दोन निवडा. एकजण आजारी पडला तर ऐनवेळी अनोळखी माणूस येणं पक्ष्यासाठी सगळ्यात वाईट. मकाव त्यांच्या हातावर आला पाहिजे असं नाही. बाहेरून उघडणाऱ्या वाट्यांचा पिंजरा असेल तर तो त्या दिवसांत आत राहूनही बरा राहतो, फक्त माणूस घरात वावरता हवा. शक्यतो त्यांनी तुमच्याच घरी मुक्काम करावा. नाहीच जमलं तर दिवसातून दोन भेटी, प्रत्येकी दीड तास, त्यातली एक संध्याकाळी, झोपवण्यासह.

भेटींचा क्रम असा: पहिल्या दोन-तीन वेळा तो माणूस नुसता खोलीत बसून वाचेल. मग पिंजऱ्याजवळून जाताना वाटीत खाऊ टाकेल. मग पाणी आणि वाट्या बदलेल. मग टार्गेट: एक फूटभर लांब काठी तारेबाहेर धरायची, तिच्या टोकाला चोच लावली की खाऊ. हे आलं की त्याला पिंजऱ्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे नेता येतं आणि हात न घालता आतली सफाई होते. झोपेच्या पिंजऱ्यात जाण्यासाठी हातावर नव्हे, आखूड दांडीवर चढायला शिकवा. हाताला न येणारे पक्षी दांडीवर बरेचदा येतात. ते नाही जमलं, तर मोठाच पिंजरा आताच शांत खोलीत हलवा. त्यानंतर तुम्ही घरात असून गप्प, तो माणूस अख्खी संध्याकाळ सांभाळेल. मग तुम्ही तासभर बाहेर, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार. ही शेवटची पायरी सहलीच्या किमान तीन आठवडे आधी व्हावी, म्हणजे काही चुकलं तर दुरुस्तीला वेळ राहतो.

लिहून ठेवायचं ते एका कागदावर मावेल इतकंच: खाण्याचं प्रमाण ग्रॅममध्ये, वर्ज्य पदार्थ, दिवे मंद करायची वेळ, हाकेची शिट्टी (फोनवर रेकॉर्ड करून द्या), पक्ष्यांच्या डॉक्टरांचा आणि रात्री उघड्या दवाखान्याचा नंबर, पायातल्या कड्याचा किंवा मायक्रोचिपचा क्रमांक. पिंजऱ्याचे कप्पे स्क्रूच्या दुव्याने बंद करा आणि पान्याची जागा दाखवून ठेवा. तुमच्या गैरहजेरीत उपचार करायची लेखी परवानगी आणि खर्चाची मर्यादा डॉक्टरांकडे आधीच द्या.

परत आल्यावर लगेच हात पुढे करू नका. काही पक्षी दोन-चार दिवस पाठ फिरवतात, काही चावतात. नेहमीचा क्रम सुरू करा, स्टँडवर बोलवा, तो स्वतः झुकून आला की मग हात.

---

लांबशेपूट

माणूस मिळालाच नाही आणि पक्षी दुसरीकडे ठेवायची वेळ आली, तर तिथल्या प्रत्येक पक्ष्याचे चोच-पिसांच्या विषाणूचे आणि सिटॅकोसिसचे अहवाल मागतात का हे विचारा. मागत नसतील तर तिथे ठेवू नका. एक रात्र आधी राहून बघायला द्या. नेण्यासाठी लागणारा प्रवासी पिंजरा आत्तापासून खोलीत उघडा ठेवा, रोज आत खाऊ टाका. दांडी खाली, तळापासून ३-४ इंचांवर, म्हणजे ब्रेक लागला तरी पडणार नाही.

मित्रांच्या घरी सोबत न्यायचा विचार असेल तर तिथे मांजर-कुत्रा नाही याची खात्री करा. मांजराचा बारीकसा ओरखडा किंवा दात लागला तरी तो दवाखान्याचा प्रसंग आहे. तिच्या लाळेतल्या जिवाणूंमुळे दिसायला ठीक असलेला पक्षी एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

---

पक्षीवैद्य

सांभाळणाऱ्याच्या कागदावर वजन हवंच. आजारी पोपट शेवटपर्यंत आजार लपवतो, वजन लपवता येत नाही. १ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, वर छोटी दांडी, रोज सकाळी पहिली विष्ठा झाल्यावर आणि खाण्याआधी. काट्यावर चढायचं टार्गेटने आतापासून शिकवा आणि दोन आठवड्यांच्या नोंदी ठेवा, म्हणजे नेहमीची वर-खाली किती ते कळेल. १०२० ग्रॅमच्या पक्ष्यात ५० ग्रॅम घट दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, १०० ग्रॅम घटली तर फोनवर न थांबता थेट दवाखाना.

काट्यावर आला नाही तर विष्ठा मोजायची. तळाला रोज नवा कोरा कागद, आणि नेहमीच्या दिवशी किती ठिपके पडतात ते तुम्ही आधीच लिहून ठेवायचं. संख्या निम्म्यावर आली तर तो खात नाहीये, वाटीत पसारा कितीही दिसला तरी. नव्या माणसासमोर एखाद-दोन वेळा विष्ठेत पाणी जास्त पडणं ताणामुळे असतं, त्याने घाबरू नये. पिसं फुगवून दिवसा झोपणं, पिंजऱ्याच्या तळाला बसणं, श्वासाबरोबर शेपूट वर-खाली होणं, यांतलं काहीही दिसलं तर संध्याकाळपर्यंत वाट पाहू नये.